हिशेब कसा मागावा: गॅदरिंगच्या वर्गणीपासून लोकायुक्तांपर्यंत

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी गॅदरिंगच्या समितीत होतो. स्वयंसेवक ८०, आणि टी-शर्टचं बिल १२० चं. मी भर मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "कुणीतरी पैसे खाल्लेत." त्यानंतरचा पाऊण तास चर्चा झाली ती माझ्या बोलण्याच्या पद्धतीवर. सरांची माफी मागावी लागली. बिल पुन्हा कुणी टेबलावर आणलंच नाही.

पुढच्या वर्षी एका ज्युनिअर मुलीने साध्या कागदावर एक ओळ लिहून ऑफिसात दिली: "टी-शर्टच्या डिलिव्हरी चलनाची झेरॉक्स मिळावी." चार दिवसांनी चलन मिळालं. त्यावर आकडा होता ८०. पुढे काय करायचं हे प्राचार्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमागे हा एकच धडा आहे. आरोपाला उत्तर देता येतं, चिडता येतं, अब्रुनुकसानीची धमकी देता येते. कागद मागितला की तो द्यावा तरी लागतो किंवा का देत नाही ते लिहून तरी द्यावं लागतं. वर्गणी शंभर रुपयांची असो की रस्ता शंभर कोटींचा, यात फारसा फरक पडत नाही. फक्त कागदांची नावं बदलतात.

पायरी १: पैसा कुणाचा, आणि तो कुणाच्या सहीने निघतो?

माहीत करून घ्यायच्या गोष्टी दोनच. पैसा कोणत्या खात्यात आला आणि चेकवर सही कुणाची. कॉलेजात प्रवेशाच्या वेळी मिळालेली फीची पावती नीट बघा. तिच्यात जिमखाना, विद्यार्थी कल्याण, वार्षिक अंक, स्नेहसंमेलन असे वेगवेगळे मथळे असतात. बहुतेक जण ती पावती बसच्या पासासाठी वापरून फेकून देतात. तुमच्या हिशेबाचा पहिला पुरावा तोच आहे. मथळ्यापुढची रक्कम गुणिले विद्यार्थिसंख्या, एवढा गुणाकार केला की वर्षाला किती पैसे जमले याचा ढोबळ अंदाज येतो. जमलेला आणि खर्चलेला यातलं अंतर हा पुढचा प्रश्न.

विद्यार्थी परिषदेचं महाराष्ट्रातलं प्रकरण थोडं विचित्र आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्षात त्या लांबणीवरच पडत गेल्या. त्यामुळे तुमच्या कॉलेजात परिषद नेमकी आहे की फक्त नोटीस बोर्डावर आहे, हे आधी विचारा.

जिथे निवडणूक होते तिथे लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्या बंधनकारक केल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५००० रुपये. निकालानंतर दोन आठवड्यांत ऑडिट केलेला हिशेब द्यायचा, आणि कॉलेजने तो दोन दिवसांत सगळ्यांना बघायला मिळेल असा जाहीर करायचा. छापील पोस्टर्सना बंदी आहे. राजकीय पक्षाचे पैसे चालत नाहीत. हे नियम पाळले जातात का, हा वेगळा विषय. पण चकचकीत फ्लेक्स लावून निवडून आलेल्या प्रतिनिधीला "तुझा दोन आठवड्यांचा हिशेब कुठे लावलाय?" एवढं विचारता येतं. हा प्रश्न वर्षभर परिषदेचा कारभार कसा चालेल हेही ठरवून टाकतो.

पायरी २: बिल वाचायला शिका

खरं कौशल्य इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू. ज्याला मंडप डेकोरेटरचं बिल वाचता येतं त्याला ग्रामपंचायतीचं बिलही वाचता येतं. हातात बिलं आली की मी पुढच्या गोष्टी बघतो.

कच्चं की पक्कं? कच्चं बिल म्हणजे नुसती चिठ्ठी. "किरकोळ खर्च" आणि "चहापाणी" यांच्या चिठ्ठ्या प्रत्येक समितीत असतात आणि थोड्या असाव्यातही, कारण हमाल पक्कं बिल देत नाही. पण एकूण खर्चाचा मोठा भाग चिठ्ठ्यांवर असेल तर भुवई उंचावायला हरकत नाही. रोख ५००० रुपयांच्या वर दिले असतील तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर सही लागते.

बिल नंबर आणि तारीख. सगळ्यात जास्त चोऱ्या मी इथे पकडल्या आहेत. ऑगस्टमधल्या बिलाचा नंबर ४१ आणि त्याच दुकानाच्या जानेवारीतल्या बिलाचा नंबर ४२. म्हणजे या दुकानदाराने पाच महिन्यांत दुसऱ्या कुणालाच काही विकलं नाही. असं दुकान चालतं कसं? बिलबुकच समितीतल्या कुणाच्या बॅगेत असतं, म्हणून.

जीएसटी नंबर. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर "सर्च टॅक्सपेअर" मध्ये टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते फुकट दिसतं. लॉगिन लागत नाही. बिलावर साउंड सिस्टीमवाला आणि पोर्टलवर त्याच नंबराचा पशुखाद्याचा व्यापारी, असंही निघतं. मात्र घाई नको. छोट्या दुकानदाराला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे नंबर नाही म्हणजे बिल खोटं असं होत नाही. बिलात जीएसटी लावलाय आणि नंबर मात्र नाही किंवा रद्द झालेला आहे, तेव्हा थांबायचं.

तीन कोटेशन्स. नियम म्हणून तीन मागवतात. तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर टाइप झालेली असतील तर ओळखायची खूण सोपी आहे: शुद्धलेखनाच्या चुका. तीन वेगवेगळ्या डेकोरेटरांनी "शामियाना" हा शब्द एकाच प्रकारे चुकीचा लिहिला, तर तिघांचा गुरू एकच.

मालाची पोच. बिल म्हणजे विकल्याचा कागद. आल्याचा कागद वेगळा: डिलिव्हरी चलन, साठा नोंदवही, वाटप यादी आणि त्यावरच्या सह्या. टी-शर्टची गंमत इथेच उघडी पडली होती.

हे सगळं करताना एक वही घ्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. खोटं बिल शोधायला वही लागत नाही, पण नसलेलं बिल शोधायला लागते. स्पॉन्सरने दिलेले पैसे जमेलाच नाहीत, हा गॅदरिंगमधला सर्वांत जुना प्रकार आहे. खर्चाची बिलं कितीही तपासा, तो सापडत नाही. त्यासाठी बॅनरचे फोटो काढून ठेवा. बॅनरवर नाव आहे आणि जमेच्या पानावर नाही, तर पाणी कुठे मुरलं ते कळतं.

पायरी ३: आधी तोंडी, मग लेखी

लगेच अर्ज ठोकू नका. आधी जाऊन बोला. निम्म्या वेळा गफलत निघते, चोरी नाही: ॲडव्हान्सची नोंद राहिली, दोन कार्यक्रमांचं एकच बिल आहे. मी स्वतः एकदा चुकून एका क्लार्कवर संशय घेतला होता. बिल फाइलला उलटं लावलेलं होतं, एवढंच. आठवडाभर त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.

तोंडी काम झालं नाही तर साधा अर्ज. कायद्याचं एकही कलम घालू नका. "सन अमुकच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च व बिलांच्या प्रती पाहायला मिळाव्यात." दोन प्रती करा. एक आवक-जावक विभागात द्या आणि दुसरीवर सही, शिक्का, तारीख घ्या. याला ऑफिसच्या भाषेत ओसी म्हणतात. ओसी नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

कॉलेजमध्ये आणखी एक दार आहे, ज्याचा पत्ता विद्यार्थ्यांना नसतो. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. ती वर्षातून किमान चार वेळा भरते, कॉलेजचं अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. म्हणजे तुमचा प्रतिनिधी त्या खोलीत बसू शकतो. तिथे काय बोलला, हे त्याला विचारा. इतिवृत्त मागा. बहुतेक प्रतिनिधी तिथे बिस्किटं खाऊन परत येतात.

पायरी ४: ग्रामसभेला जा

शहरातल्या वाचकांनी ही पायरी सोडली तरी चालेल, पण सोडू नका असं माझं म्हणणं. सामान्य माणसाला खुर्चीवरच्या माणसासमोर उभं राहून हिशेब विचारायचा कायदेशीर हक्क एवढ्या सरळपणे दुसरीकडे कुठे मिळतो, मला सांगा. नगरसेवकाच्या बाबतीत असं काही नाही.

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ठेवतात. मतदार असाल तर तुम्ही सदस्य आहात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करतात आणि मग तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही खेळी ओळखीची करून घ्या. पंधरा माणसांत ठराव मंजूर करून घ्यायचा असेल तेव्हा पहिली सभा तहकूब होते. तुम्हाला रस आहे तो ठराव कदाचित त्या दुसऱ्या सभेत असतो, तेव्हा तिची तारीख विचारून ठेवा.

जायच्या आधी घरी बसून ईग्रामस्वराज पोर्टलवर आपली ग्रामपंचायत शोधा. वर्षाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून कुणाला किती दिले, हे तिथे दिसतं. ऑडिटऑनलाइन नावाचं भावंड पोर्टल आहे, तिथे लेखापरीक्षणाचे अहवाल असतात. अहवालात "आक्षेप" असे परिच्छेद असतात. ऑडिटरने आधीच शोधून ठेवलेलं तुम्ही पुन्हा कशाला शोधताय? सभेत उठून एवढंच विचारा: "२०२२-२३ च्या ऑडिटमधल्या आक्षेप क्रमांक सातचं अनुपालन केलं का? केलं असेल तर वाचून दाखवा." ग्रामसेवकाचा, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला कळतं की हा माणूस भांडायला आलेला नाही, वाचून आलाय.

आणि एक. तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला का, ते सभा संपायच्या आत पाहा. नंतर लिहू म्हणाले की तो लिहिला जात नाही. सरपंचांच्या गैरवर्तनाबद्दल ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली कारवाई होते, विभागीय आयुक्तांच्या पातळीवर. तिथे हीच इतिवृत्तं पुरावा म्हणून कामी येतात.

पायरी ५: माहितीचा अधिकार

आता मोठं हत्यार. महाराष्ट्रात आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, २००२ चा. अण्णा हजारे त्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. त्याच्याही आधी राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावागावांत जनसुनवाया घेऊन मस्टर रोल, म्हणजे मजुरांच्या हजेरी-मजुरीच्या याद्या, भर चौकात वाचले होते. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा तिथली. या सगळ्यातून २००५ चा केंद्रीय कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला.

अर्ज करायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांत दोन जाचक अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि शब्द १५० च्या आत. मला सुरुवातीला या अटीचा राग यायचा. आता वाटतं, नव्या माणसासाठी ती शिस्त बरीच आहे. लांब अर्ज म्हणजे भाषण असतं.

माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही, कलम ६ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. "का" ने सुरू होणारा प्रश्न कधीच विचारू नका. "रस्ता निकृष्ट का केला?" याला माहिती अधिकारी उत्तर देईल: "असा अभिलेख उपलब्ध नाही." आणि तो बरोबर असेल, कारण कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. नमुना असा:

"विषय: अमुक ते तमुक रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामाबाबत. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. हवी असलेली माहिती: या कामाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, या सर्वांच्या प्रती. माहिती टपालाने पाठवावी."

या कागदांची नावं पाठ करा. सरकारी काम या क्रमानेच जातं, आणि एखादा कागद मधूनच गायब असेल तर तिथेच काहीतरी आहे. सगळ्यात मोलाची ती मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात. इंजिनिअरने जागेवर जाऊन किती काम मोजलं ते तिच्यात असतं, आणि पैसे त्याच्यावरच निघतात.

माहिती अधिकाऱ्याला ३० दिवस असतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर त्याने पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला हाकलायचं नसतं. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. ३० दिवसांत माहिती दिली नाही तर नंतर ती फुकट द्यावी लागते. हे वाक्य अपिलात जरूर लिहा, विसरतात सगळे.

उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्याने ३०, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. नव्या लोकांचं बरंच काम इथेच होतं, कारण अपिलाची सुनावणी लागली की फाइल शोधायला माणूस लागतो. तिथेही न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करता येतो, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. मात्र आयोगात प्रकरणं तुंबलेली असतात, तारीख मिळायला वर्ष उलटतं. म्हणून दुसऱ्या अपिलावर भरवसा ठेवून पहिलं अपील आळसाने लिहू नका.

नकाराचं आवडतं कारण म्हणजे "वैयक्तिक माहिती", कलम ८(१)(ञ). २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने तर या कलमातली लोकहिताची अट काढून ते आणखी रुंद केलं. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: लोकहित जास्त असेल तर माहिती देता येते. अपिलात त्याचा आधार घ्या. आणि शक्यतो माणसांची माहिती मागूच नका, कामाची मागा. "अमुक इंजिनिअरची मालमत्ता" मिळणार नाही. "अमुक रस्त्याची एमबी" नाकारायला त्यांना मेहनत पडते.

कॉलेजला हा कायदा लागतो का? सरकारी आणि अनुदानित कॉलेजला लागतो. डीएव्ही कॉलेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, सरकारी पैशावर मुख्यतः चालणाऱ्या संस्था कायद्याच्या कक्षेत येतात असं सांगितलं. विनाअनुदानित कॉलेजबद्दल मात्र विद्यापीठाकडे किंवा शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जे कागद त्यांनी दिलेत ते तिथून मागा. आडमार्ग आहे, पण चालतो. जाता जाता: स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क २०११ च्या निकालाने याच कायद्याखाली मिळालेला आहे. पहिला अर्ज सरावासाठी त्याचाच करून बघा, कुणाशी वाकडं येत नाही.

कागदाच्या प्रती मागायच्याऐवजी फाइल बघायला मागणं कधी कधी जास्त फायद्याचं. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघू द्यायची प्रथा पडली, पुढे राज्य सरकारने जिल्हा कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना तेच सांगितलं. जाण्याआधी फोन करून खात्री करा. फाइल हातात आली की आधी शेरेपान वाचा, म्हणजे डावीकडची टिपणी. कोणत्या क्लार्कने हरकत घेतली होती आणि कुणी ती खोडली, हे बिलात कधी दिसत नाही. टिपणीत दिसतं.

पायरी ६: टेप घेऊन जागेवर जा

समजा एमबीत लिहिलंय: लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. तुम्ही रस्त्याच्या कडेला जिथे तो तुटलाय तिथे टेप लावला आणि जाडी १० सेंटिमीटर भरली. म्हणजे ३० घनमीटर. १५ घनमीटरचे पैसे कुठे गेले, हा प्रश्न आता कुणालाही समजतो, चौथीतल्या मुलालाही. एकाच जागी मोजू नका, पाच-सहा ठिकाणी मोजा, शेजारी दोन गाववाले उभे करा, टेपसकट फोटो काढा. माहिती अधिकारात साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचीही सोय आहे, कलम २(ञ) मध्ये. फारच थोडे लोक ती वापरतात.

आणखी एक ठोकताळा. एकच मोठं काम पाच छोट्या कामांत तोडलेलं दिसलं, प्रत्येकाची रक्कम निविदेच्या मर्यादेच्या किंचित खाली आणि पाचही एकाच ठेकेदाराला, तर हे मुद्दाम पाडलेले तुकडे आहेत. खासदार निधीतून (वर्षाला ५ कोटी) आणि आमदार निधीतून झालेल्या कामांच्या याद्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत मिळतात. तुकडे तिथेही शोधा.

पायरी ७: लाच मागितली तर

हे वेगळं प्रकरण. इथे कागद मागत बसायचं नसतं.

दाखला, सातबाऱ्याची नोंद, बांधकाम परवाना अडवलाय आणि "थोडं वजन ठेवा" असं सुचवलं जातंय. आधी बघा, ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहे का. असेल तर तिला दिवसांची मर्यादा असते, ती कार्यालयात फलकावर लावलेली असायला हवी. अर्ज "आपले सरकार" वरून केलात तर दिवस मोजले जातात आणि अपील करता येतं. नुसती दिरंगाई असेल तर काम इथेच होतं.

सरळ पैसे मागितले तर १०६४. हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर. "देत नाही जा!" असं ओरडू नका आणि लगेच पैसेही काढू नका. "साहेब, दोन दिवसांत सोय करतो," म्हणून बाहेर या आणि फोन लावा. ते आधी पडताळणी करतात: तुम्हाला पंचासोबत परत पाठवून मागणी रेकॉर्ड करतात. मागणी सिद्ध झाली की सापळा. नोटांचे नंबर लिहून घेतात, त्यांना पावडर लावतात आणि नोटा घेतल्या की पकडतात. पैसे बहुधा साहेब स्वतः घेत नाहीत. बाहेरच्या टपरीवरचा कुणी घेतो, आणि विभागाच्या प्रेसनोटमध्ये त्याचा उल्लेख "खाजगी इसम" असा होतो. तोही आरोपी होतो. सापळ्यात वापरलेली तुमची रक्कम नंतर परत मिळते.

आणि हे नीट वाचा: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. "मागच्या वर्षी मी दिले होते" अशी फुशारकी चहाच्या टपरीवर मारणारे स्वतःविरुद्धच साक्ष देत असतात.

याच्या वर

वरचे मजले थोडक्यात. राज्यात लोकायुक्त आहेत, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारे, १९७१ च्या कायद्याने आलेले. महाराष्ट्रात हे पद १९७२ पासून प्रत्यक्षात आहे. गाऱ्हाणं असेल तर १२ महिन्यांत, आरोप असेल तर तीन वर्षांत तक्रार करायची, प्रतिज्ञापत्रासह. ते शिफारस करतात, शिक्षा करत नाहीत. तरी त्यांच्याकडून अहवाल मागवला गेला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि तो तुमच्यासाठी आणखी एक कागद होतो.

कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल विधिमंडळात ठेवले जातात आणि संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाषा रुक्ष असते, पण आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून शोधा. "निष्फळ खर्च" असा मथळा दिसला की थांबून वाचा.

जपून

१३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जमिनींचे घोटाळे ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. हे नवख्या माणसाला घाबरवायला लिहीत नाही, पण न लिहिणं खोटेपणाचं होईल. गावातल्या टाकीच्या हिशेबात आणि महामार्गालगतच्या जमिनीच्या हिशेबात धोका सारखा नसतो.

म्हणून मोठ्या प्रकरणात एकट्याने पुढे होऊ नका. एकच अर्ज पाच जणांनी, वेगवेगळ्या गावांतून पाठवावा. माहिती मिळाली की ती त्याच दिवशी चार जणांकडे द्यावी, जेणेकरून तुमच्याकडून ती काढून घेण्यात कुणाला अर्थ उरणार नाही. ठेकेदाराने चहाला बोलावलं तर जाऊ नका. गेलातच तर एकटे जाऊ नका. आणि माहिती अधिकाराचा धंदा करणारे लोकही आहेत, अर्ज टाकून मग तडजोड करणारे. तुमच्याकडे कुणी असा प्रस्ताव आणला तर आतापर्यंतचं सगळं काम त्या एका चहात बुडतं.

फाइल

एक जाड फाइल घ्या. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता: अर्ज कधी, ३० दिवस कधी संपतात, अपिलाची शेवटची तारीख कधी. मोबाइलच्या कॅलेंडरवरही टाका. मी दोन प्रकरणं फक्त तारीख चुकल्यामुळे गमावली आहेत. प्रत्येक कागदाला अनुक्रमांक द्या. मूळ कागद सुनावणीला नेऊ नका, झेरॉक्स न्या. अर्ज हाताने घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती फाइलला लावा. पण ती आधी झेरॉक्स करून मग लावा. पोस्टाच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई सहा-आठ महिन्यांत उडून जाते, आणि आयोगाची तारीख त्यानंतर लागते.